हालचालीचा दर्जा: धानाच्या बांधीपासून दवाखान्यापर्यंत

माणसाच्या हालचालीबद्दल दोन प्रश्न विचारता येतात: किती झाली आणि कशी झाली. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. पावले मोजता येतात, चाललेले अंतर मोजता येते, दिवसाअखेर किती बांध्या रोवून झाल्या ते सांगता येते. दुसऱ्या प्रश्नाचे तसे नाही. दोन स्त्रिया तेवढ्याच वेळात तेवढीच बांधी रोवतात. एकीची पाठ संध्याकाळी सरळ होते, दुसरीची रात्रभर ठणकते. लकवा मारलेला माणूस आणि धडधाकट माणूस दोघेही पाण्याचा पेला तोंडापर्यंत नेतात, पण पहिल्याचा खांदा वर चढतो, धड पुढे झुकते आणि हात मध्येच अडखळतो. 'किती'च्या हिशेबात दोघे सारखे ठरतात. त्या हिशेबात न मावणाऱ्या फरकाला हालचालीचा दर्जा म्हणतात.

हा दर्जा एकाच पट्टीने मोजता येत नाही, कारण त्यात अनेक गुण एकत्र असतात. हालचाल नेमक्या जागी पोहोचते का, पुन्हा पुन्हा केली तरी तशीच होते का, ती सलग होते की तुटक, डावी-उजवी बाजू सारखा भार घेते का, तोल टिकतो का, किती दम लागतो, सांध्यांवर किती ताण येतो, आणि जमीन किंवा ओझे बदलले तर हालचाल स्वतःला जुळवून घेते का, हे सगळे वेगवेगळे प्रश्न आहेत. एका गुणात सरस असलेली हालचाल दुसऱ्यात निकृष्ट असू शकते. म्हणून कोणतेही माप हाती घेण्यापूर्वी ते कोणत्या गुणाचे माप आहे हे ठरवावे लागते. या विषयातले बहुतेक घोळ हे न ठरवल्यामुळे झालेले आहेत.

भंडारा जिल्ह्यात हा विषय नुसत्या पुस्तकापुरता राहत नाही. भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर या सातही तालुक्यांत धान हे मुख्य पीक आहे आणि रोवणी अजून मोठ्या प्रमाणावर हातानेच होते. भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावात कोशाचे कापड विणले जाते. घराघरांत बिड्या वळल्या गेल्या. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत, आणि जवाहरनगरला दारूगोळ्याचा कारखाना आहे. यातली बरीच कामे वाकून, उकिडवे बसून किंवा मांडी घालून होतात. हालचाल मोजण्याची बहुतेक जगप्रसिद्ध साधने मात्र खुर्चीवर बसणाऱ्या आणि सपाट फरशीवर चालणाऱ्या समाजात तयार झाली. त्यांतले काय इथे लागू पडते आणि काय नाही, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

मोजण्याची सुरुवात

हालचालीचे गणित मांडण्याचा पहिला मोठा प्रयत्न इटलीच्या जोव्हानी बोरेली यांचा. प्राण्यांच्या हालचालीवरचा त्यांचा ग्रंथ 1680 मध्ये छापला गेला. त्यात हाडांना तरफा आणि स्नायूंना बल मानून हिशेब केले होते. 1836 मध्ये जर्मनीतील वेबर बंधूंनी चालण्याचा अभ्यास केला. खरी गती आली ती छायाचित्रणामुळे. एडवर्ड मायब्रिज यांनी 1878 मध्ये धावत्या घोड्याची ओळीने छायाचित्रे घेतली, आणि त्याच काळात फ्रान्समध्ये एतिएन-ज्यूल मारे यांनी एकाच काचेवर हालचालीचे अनेक क्षण टिपण्याची पद्धत बसवली. 1895 पासून ब्राउने आणि फिशर या जर्मन अभ्यासकांनी अंगावर प्रकाशनळ्या बांधलेल्या माणसाच्या चालीचे तिन्ही मितींत गणित केले. छायाचित्रे एका रात्रीत मिळाली, आकडेमोडीला मात्र महिनोन्‌महिने लागले.

कारखान्यांत ही कला वेगळ्या हेतूने शिरली. अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिल्ब्रेथ या दांपत्याने गवंड्याच्या वीट रचण्यातल्या हालचाली मोजल्या आणि 18 हालचालींचे काम पाचांवर आणले. यासाठी त्यांनी मचाणाची उंची बदलली, विटा हाताशी येतील अशा ठेवल्या, गवंड्याचे वाकणे टाळले. त्यांची पद्धत पुढे अनेक ठिकाणी केवळ वेग वाढवण्यासाठी वापरली गेली. ती मुळात वाकणे कमी करण्याची पद्धत होती, हे त्या वापरात मागे पडले.

रोवणी

धानाची रोवणी जवळून पाहिली तर एका हालचालीत किती गोष्टी सामावतात ते कळते. चिखलणी झालेल्या बांधीत घोट्यापर्यंत, कधी पोटरीपर्यंत पाय रुतलेले असतात. डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंढी. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटे पेंढीतून दोन-तीन रोपे सोडवतात, मुळाशी धरतात आणि चिखलात दोन बोटे खोल खुपसतात. बोटे अशी बाहेर काढायची की रोप मागे येऊ नये आणि तरंगूही नये. मग रोपांचा पुढचा ठाव, ओळ संपली की एक पाऊल मागे. धड जवळजवळ जमिनीला समांतर असते, गुडघे किंचित वाकलेले, आणि ही स्थिती तासन्‌तास टिकते. जुलै-ऑगस्टच्या पावसात दिवसभर हेच चालते.

या कामाचा ताण मोजण्याची जुनी सोपी पद्धत फिनलंडची. ओवाको या पोलाद कंपनीत ती तयार झाली आणि 1977 मध्ये प्रसिद्ध झाली. 'ओवास' या नावाने ती ओळखली जाते. पाठीच्या 4, हातांच्या 3, पायांच्या 7 आणि वजनाच्या 3 स्थिती धरून एकूण 252 जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीला चारपैकी एक निकड दिलेली असते. निरीक्षकाने ठराविक अंतराने कामगाराकडे पाहायचे आणि आकडे लिहायचे. 1993 मध्ये ब्रिटनमध्ये हात-खांद्यांच्या कामासाठी 'रुला' आणि 2000 मध्ये पूर्ण शरीरासाठी 'रेबा' ही पत्रके आली.

रेबाचे पत्रक रोवणीला लावून पाहण्यासारखे आहे. धड 60 अंशांपेक्षा जास्त वाकले की पाठीच्या रकान्यात 4 गुण पडतात. मान 20 अंशांहून जास्त झुकली किंवा वर उचलली तर 2. चिखलात पाय अस्थिर, म्हणून पायांचे 2. या तिघांचा तक्त्यातला मेळ 6 येतो. रोपांचे वजन नगण्य असल्याने त्यात भर पडत नाही. हात खाली लोंबतात तेव्हा गुरुत्वाकर्षणाची मदत होते, म्हणून हातांचा आकडा माफकच राहतो आणि दोन्ही मिळून गुण 6 वरच थांबतात. यानंतर पत्रक तीन प्रश्न विचारते: एखादा अवयव एका मिनिटापेक्षा जास्त वेळ स्थिर राहतो का, तीच हालचाल मिनिटाला चारपेक्षा जास्त वेळा होते का, आणि पायाखालचा आधार अस्थिर आहे का. पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर रोवणीत निःसंशय 'होय' आहे. आधाराचा दोष पायांच्या रकान्यात आधीच धरला असे मानून तिसरा गुण सोडला, तरी बेरीज 8 होते, आणि धरला तर 9. या पत्रकात 8 ते 10 म्हणजे 'जास्त धोका', लवकर बदल करावा.

भारतातही हे काम उशिरा सुरू झाले असे नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेतील पी. के. नाग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतमजुरांच्या कामाचा भार मोजून 1980 मध्ये प्रसिद्ध केला. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने शेतीतल्या श्रमांचे आणि अवजारांचे मोजमाप पुढे नेले.

पण रेबाच्या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. तो शरीरस्थितीच्या धोक्याचा आकडा आहे, हालचालीच्या कसबाचा नाही. वीस वर्षे रोवणी करणाऱ्या स्त्रीला आणि पहिल्या दिवशी बांधीत उतरलेल्या मुलीला हे पत्रक सारखेच गुण देईल. कसब दुसरीकडे दिसते: रोपे सारख्या अंतरावर पडतात का, खोली सारखी राहते का, दुसऱ्या दिवशी किती रोपे तरंगून वर येतात, हाताची लय दुपारनंतर बिघडते का. हे मोजायला महागडे यंत्र लागत नाही. चौरस मीटरची लाकडी चौकट टाकून ठाव मोजले की अंतराचा सारखेपणा कळतो. सकाळच्या आणि संध्याकाळच्या चौकटींतला फरक म्हणजे थकव्याचे माप. धोका आणि कसब हे दोन आकडे शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते. रोवणेकरणीचे कसब बहुधा उत्तमच असते. वाईट असते ती कामाची मांडणी. 'नीट वाकायला शिका' असा सल्ला त्यांना देणे म्हणजे मोजमापातून उलटा निष्कर्ष काढणे होय.

दम किती लागतो हे मोजण्याचीही एक साधी रीत आहे. चालताना नाडीचे ठोके मिनिटाला किती, त्यातून विश्रांतीतले ठोके वजा करायचे आणि मिनिटाला चाललेल्या मीटरांनी भागायचे. विश्रांतीत 80, चालताना 110 आणि वेग मिनिटाला 60 मीटर असेल तर दर मीटरला अर्धा ठोका जास्तीचा खर्च झाला. तीच व्यक्ती कोरड्या रस्त्यावर, बांधाच्या अरुंद धुऱ्यावर आणि चिखलात चालली की तीन वेगळे आकडे मिळतात. त्यातला फरक जमिनीचा असतो, व्यक्तीचा नव्हे.

हातोड्याचा धडा

हालचालीच्या शास्त्राला सर्वांत मोठे वळण देणारा प्रयोग एका हातोड्यावर झाला. 1920 च्या दशकात मॉस्कोच्या केंद्रीय श्रम संस्थेत निकोलाय बर्नस्टाइन यांनी छिन्नीवर घाव घालणाऱ्या निष्णात लोहारांच्या हाताचे वेगवान छायाचित्रण केले. अपेक्षा अशी होती की सराईत कारागिराचा खांदा, कोपर आणि मनगट दर घावाला त्याच मार्गाने जाईल. आढळले वेगळेच. सांध्यांचे मार्ग दर वेळी थोडे बदलत होते, हातोड्याचे टोक मात्र नेमके तिथेच पडत होते. खांदा जरा जास्त गेला की कोपर तेवढे कमी जात होते. बर्नस्टाइन यांनी यावरून सांगितले की सराव म्हणजे एकच उत्तर घोकणे नव्हे, तर उत्तर शोधण्याची रीत पुन्हा पुन्हा चालवणे.

भंडाऱ्यात पितळेचा पत्रा ठोकून आकाराला आणणाऱ्या कारागिराच्या कामाला हा सिद्धांत थेट लागू पडतो. पत्र्याची जाडी जागोजागी वेगळी, तापवून थंड केलेला पत्रा मऊ, ठोकता ठोकता तो कडक होत जातो, आणि भांडे हातात फिरत असते. दर घावाला सांधे तेच वळण घेऊ लागले तर भांड्याला खड्डे पडतील. इथे दर्जा पाहायचा तो घावांच्या ठशांत: ठसे एकमेकांवर सारखे चढतात का, पत्रा कुठे पातळ होतो का. हाताच्या फिरण्यातला फरक हा दोष नसून कौशल्याचा भाग आहे.

पुढे 1999 मध्ये शॉल्झ आणि श्योनर यांनी यासाठी गणिती पद्धत दिली. तिच्यात सांध्यांच्या चढ-उताराचे दोन वाटे करतात: एक, ज्याने टोकाच्या जागेत काही बिघडत नाही; दुसरा, ज्याने बिघडते. पहिला मोठा आणि दुसरा लहान असेल तर हालचाल कसबी. त्यामुळे 'सारखेपणा म्हणजे दर्जा' हे जुने समीकरण निम्मेच खरे ठरले. चालण्यातही हेच दिसते. पावलांच्या वेळेत फार मोठा चढ-उतार असेल तर पडण्याचा धोका वाढतो, पण चाल अगदी ताठर, यंत्रासारखी झाली तर तीही निरोगी नसते.

सलगपणा

हात एका जागेहून दुसऱ्या जागी नेताना त्याचा वेग आधी वाढतो, मधे शिखर गाठतो आणि उतरतो. 1985 मध्ये तामार फ्लॅश आणि नेव्हिल होगन यांनी दाखवले की निरोगी हात जणू झटके कमीत कमी ठेवणारा मार्ग निवडतो. मेंदूत रक्तस्राव किंवा गुठळी होऊन लकवा मारला की हे एक शिखर तुटून अनेक छोटी शिखरे होतात, आणि हात बरा होऊ लागला की ती पुन्हा एकमेकांत मिसळतात. ही शिखरे मोजणे हे सलगपणाचे सर्वांत सोपे माप. झटक्यांची बेरीज हे दुसरे, पण ती हालचालीला लागलेल्या वेळेवर इतकी अवलंबून असते की सावकाश काम करणारा विनाकारण वाईट ठरतो. ही अडचण सोडवण्यासाठी शिवकुमार बालसुब्रमणियन आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये वेगाच्या आलेखातील कंपनांवर आधारलेले माप सुचवले. आज ते जगभर वापरले जाते.

दवाखान्यात मात्र लकव्याच्या रुग्णाचे मोजमाप अजून डोळ्यांनीच होते. स्वीडनमध्ये 1975 साली तयार झालेल्या फुगल-मायर मापनात हाताला 66 पैकी गुण देतात; दर कृतीला 0, 1 किंवा 2. त्याचे बळ असे की काम झाले की नाही यापेक्षा सांधे स्वतंत्रपणे हलतात का हे ते पाहते. कामाचा निकाल तेवढा पाहिला तर धड झुकवून, खांदा उचलून पेला गाठणारा रुग्ण 'बरा झाला' असे वाटते. माँट्रियलच्या मिंडी लेव्हिन आणि इतरांनी म्हणूनच खरी सुधारणा आणि पर्यायी युक्ती यांत फरक करण्याचा आग्रह धरला. हा आग्रह योग्य आहे, पण तो ताणूही नये. ज्याचा हात परत येणार नाही त्याच्यासाठी युक्ती हेच यश असते.

जमिनीवरचे जगणे

चालण्याची जगमान्य साधी चाचणी म्हणजे दहा मीटर चालायला लागणारा वेळ. जॅकलिन पेरी यांनी 1995 मध्ये लकव्याच्या रुग्णांसाठी दिलेली विभागणी आजही वापरतात: सेकंदाला 0.4 मीटरपेक्षा कमी वेग असेल तर माणूस घरातच वावरू शकतो, 0.4 ते 0.8 मध्ये बाहेर थोडेफार, त्यावर मोकळेपणाने. दुसरी चाचणी खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत बसण्याची, 1991 ची. यात 12 सेकंद किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका धरतात.

लाखांदूर किंवा साकोलीच्या खेड्यातला वृद्ध खुर्चीतून उठणार कुठे? तो बाजेवरून उठतो, जमिनीवरून उठतो, शौचाला उकिडवा बसतो, पंगतीत मांडी घालतो. त्याची खरी परीक्षा जमिनीपाशी होते. ब्राझीलच्या क्लॉडिओ आराउजो यांची बसा-उठा चाचणी इथे जास्त उपयोगी आहे. जमिनीवर बसायचे आणि उठायचे. बसण्याचे 5 आणि उठण्याचे 5 गुण. हात, गुडघा किंवा कोपर टेकला की दर आधाराला एक गुण वजा, तोल डळमळला तर अर्धा. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 51 ते 80 वयाच्या दोन हजारांवर लोकांच्या अभ्यासात कमी गुण असणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. या चाचणीला घड्याळही लागत नाही.

भारतीय पद्धतीने याची दखल घेतली आहे, हे फारसे सांगितले जात नाही. अपंगत्वाचे प्रमाणपत्र देताना पायाचे मोजमाप दोन भागांत होते: सांध्यांची हालचाल आणि स्नायूंची ताकद हा एक, स्थैर्य हा दुसरा, दोन्ही 90 टक्क्यांचे. 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत स्थैर्यासाठी नऊ कृती आहेत आणि प्रत्येकीला 10 टक्के: सपाट जागी चालणे, उतारावर चालणे, पायऱ्या चढणे, दोन्ही पायांवर उभे राहणे, बाधित पायावर उभे राहणे, उकिडवे बसणे, मांडी घालणे, गुडघे टेकणे आणि वळणे. हाताच्या कृतींत भारतीय पद्धतीने जेवणे, केस विंचरून वेणी घालणे, नाडा बांधणे, शौचानंतरची स्वच्छता यांना प्रत्येकी 9 टक्के आहेत. पाश्चात्त्य पत्रकांत यांतल्या बऱ्याच कृती अशा रूपात सापडत नाहीत. पायाच्या दोन भागांचा मेळ साध्या बेरजेने होत नाही: मोठ्या आकड्यात, लहान आकड्याला 90 मधून मोठा वजा करून आलेल्या संख्येने गुणून 90 ने भागल्यावर येणारी भर घालतात. एका भागात 40 आणि दुसऱ्यात 30 असतील तर एकूण 56.7 येतात. 40 टक्क्यांपासून पुढे 2016 च्या अपंगत्वविषयक कायद्याचे बहुतेक लाभ सुरू होतात.

या पद्धतीची उणीव सिकलसेलच्या रुग्णांत उघडी पडते. विदर्भात या रोगाचे प्रमाण मोठे आहे. 1 जुलै 2023 ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. या रोगात मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो झिजतो. तरुण वयातच खुबा दुखू लागतो आणि माणूस लंगडतो. पण वेदना रोज सारखी नसते. बऱ्या दिवशी वैद्यकीय मंडळासमोर आलेला मुलगा नऊपैकी आठ कृती करून दाखवतो, आणि पुढच्या आठवड्यात त्याला अंथरुणातून उठता येत नाही. 2016 च्या कायद्याने सिकलसेलला अपंगत्वाच्या यादीत घेतले ही मोठीच गोष्ट, परंतु एका दिवसाच्या तपासणीत हालचालीचे चढ-उतार पकडता येत नाहीत. अशा रुग्णाच्या चालीचे महिन्या-महिन्याचे मोजमाप ठेवणे हाच उपाय.

कृत्रिम पायाच्या बाबतीतही जमिनीचा प्रश्न निर्णायक ठरला. 1968 च्या सुमारास रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी बनवलेला जयपूर फूट अनवाणी वापरता येतो, त्यावर उकिडवे बसता येते, मांडी घालता येते, चिखलाच्या शेतात उतरता येते. केवळ सपाट जमिनीवरील चालीची सममिती मोजली तर दुसरा एखादा पाय वरचढ ठरू शकेल. बांधीत उतरणाऱ्याच्या दृष्टीने ते माप अपुरे आहे.

बाळांची हालचाल

हालचालीच्या दर्जाचे सर्वांत विलक्षण मोजमाप तान्ह्या बाळांचे. ऑस्ट्रियातील हाइन्झ प्रेख्टल यांनी दाखवले की पाठीवर पहुडलेल्या, जाग्या, शांत बाळाच्या आपसूक हालचाली पाहून मेंदूची स्थिती ओळखता येते. तीन ते पाच महिन्यांच्या निरोगी बाळाच्या मानेत, खांद्यांत, मनगटांत, घोट्यांत सतत बारीक, गोलसर, सगळ्या दिशांना जाणारी चुळबुळ चालते. ती अजिबात नसेल तर सेरेब्रल पाल्सीचा धोका फार मोठा असतो. 1997 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याचे निष्कर्ष आले. बाळाला हात लावायचा नाही, खेळणे दाखवायचे नाही. तीन-चार मिनिटांचे चित्रण पुरते. पाहणारा आकडे मोजत नाही, एकूण हालचालीचा पोत पाहतो, आणि त्यासाठी त्याला प्रशिक्षण लागते. नवजात अतिदक्षता कक्षातून घरी गेलेल्या बाळांसाठी ही पद्धत जिल्हा पातळीवर सर्वांत आधी यायला हवी, कारण उपचारांना सर्वांत अनुकूल काळ तोच असतो.

खेळ, नाच, कॅमेरा

खेळात दर्जा मोजण्याची परंपरा जुनी आहे. जिम्नॅस्टिक्समध्ये 2006 पासून काठिण्याचे गुण आणि सफाईचे गुण वेगळे झाले. सफाई 10 वरून खाली कापत नेतात. मल्लखांबातही पंच सफाई आणि तोल पाहतात. दुखापत होईल का हे सात हालचालींवरून सांगू पाहणारी 21 गुणांची एक अमेरिकी चाचणी फार गाजली, पण नंतरच्या अभ्यासांत तिची भाकिते कमजोर निघाली. नाचाचे मोजमाप निराळे. रुडॉल्फ लाबान यांनी 1928 मध्ये हालचाल लिहून ठेवण्याची लिपी दिली आणि पुढे इंग्लंडच्या कारखान्यांतही वापरली. झाडीपट्टीतील दंडारीचे पदन्यास अशा लिपीत टिपले गेले तर ते पुढच्या पिढीपर्यंत नुसत्या चित्रफितीपेक्षा नेमके पोहोचतील.

गेल्या दहा वर्षांत अंगावर खुणा न लावता चित्रफितीतून सांधे ओळखणाऱ्या संगणकीय पद्धती आल्या. 2017 चे ओपनपोझ, नंतर गूगलचे मीडियापाइप, आणि दोन मोबाइलवर चालणारे स्टॅनफर्डचे ओपनकॅप ही ठळक नावे. सांध्याचा कोन त्या काही अंशांच्या चुकीत सांगतात. प्रयोगशाळेबाहेर अडचणी वाढतात. लुगड्याने गुडघे झाकलेले असतात, वाकलेल्या शरीरात एक हात दुसऱ्यामागे जातो, बांधीतल्या पाण्यात प्रतिबिंब पडते, पाऊस असतो. रोवणीसारख्या कामाला कॅमेऱ्यापेक्षा पाठीवर बांधायचा छोटा कलमापक बरा. तो दिवसभरात धड किती मिनिटे 60 अंशांपलीकडे वाकलेले होते ते थेट सांगतो.

मापाचे माप

कोणत्याही मोजमापाची आधी स्वतःचीच परीक्षा व्हावी लागते. दोन निरीक्षकांनी तीच व्यक्ती पाहून वेगळे गुण दिले, किंवा एकाच निरीक्षकाने सोमवारी आणि मंगळवारी वेगळे दिले, तर त्या फरकाहून लहान सुधारणा खरी मानता येत नाही. चालण्याच्या वेळेत एक सेकंद कमी झाला म्हणून आनंद मानण्याआधी, तीच चाचणी लागोपाठ दोनदा घेतली तर किती फरक पडतो हे ठाऊक हवे. शिवाय ज्या मापावर मजुरी किंवा प्रमाणपत्र अवलंबून असते त्या मापाभोवती वागणूक बदलते. एकरी ठेक्याने रोवणी केली की वेग वाढतो आणि ठाव विरळ पडतात; हजार बिड्यांवर मजुरी असली की बोटे दुखत असली तरी हात थांबत नाहीत, आणि नापास बिड्यांची छाट कामगाराच्या माथी येते. मजुरीला जोडलेले माप कामगाराचे रक्षण करत नाही.

जिल्ह्यापुरते बोलायचे तर महागड्या प्रयोगशाळेची वाट पाहण्याची गरज नाही. दहा मीटर चाल, जमिनीवर बसा-उठा, आणि प्रमाणपत्रातल्या नऊ कृती, केवळ अंतिम टक्केवारीत न विरघळवता एकेक करून, तारखेसह रुग्णाच्या कागदावर लिहिल्या जाव्यात, आणि दर तीन महिन्यांनी त्याच जागी पुन्हा घेतल्या जाव्यात. रोवणीच्या हंगामात धड किती वेळ वाकलेले राहते हे थोड्या स्त्रियांच्या पाठीवर मोजून, त्यावरून विश्रांतीच्या पाळ्या ठरवाव्यात. रोवणी यंत्र किंवा थेट बी पेरण्याची आवत्या पद्धत यांचा निर्णय घेताना उत्पन्नाच्या आकड्याशेजारी हा आकडाही ठेवावा. कृषी विभाग, आरोग्य विभाग आणि विदर्भातली भौतिकोपचार महाविद्यालये यांनी हे काम एकत्र हाती घ्यावे. त्यासाठी लागणारी पत्रके तयार आहेत आणि घड्याळ, फीत, मोबाइल प्रत्येक तालुक्यात आहे.